नवार्रा कुणाचा?

स्पेनच्या उत्तरेकडे बास्क स्वायत्त प्रांत आहे. त्याच्या राजचिन्हावरच्या ढालीचे चार भाग पडतात. तीन भागांत आलाबा, गिपुस्कोआ आणि बिस्काया या तीन बास्क जिल्ह्यांची चिन्हं आहेत. चौथा भाग नुसताच लाल आहे, त्यावर काही नाही. पूर्वी तिथे सोनेरी साखळ्या होत्या, आणि त्या साखळ्या शेजारच्या नवार्राच्या. आम्हाला न विचारता आमचं चिन्ह तुम्ही तुमच्या ढालीवर कसं घेतलंत, असा वाद घेऊन नवार्राचं सरकार न्यायालयात गेलं. १९८५ साली स्पेनच्या घटना न्यायालयाने नवार्राच्या बाजूने निकाल दिला. साखळ्या उतरल्या, लाल रंग राहिला. बास्क राष्ट्रवाद्यांच्या लेखी ही जागा ज्याची आहे तो आज ना उद्या येणारच आहे. नवार्राच्या राजधानीत, पाम्प्लोनात, असेही पुष्कळ लोक भेटतील ज्यांना ती जागा आपली होती हेच मुळात मान्य नाही.

हे पुस्तक त्या चौथ्या भागाबद्दल आहे.

नवार्रा हा प्रदेश मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, पण त्याची राजधानी तशी नाही. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’च्या शेवटी तिघे मित्र उधळलेल्या बैलांपुढे धावतात ते पाम्प्लोनात. इंग्रजी वाचणाऱ्यांना १९२६च्या कादंबरीतून हेमिंग्वेने तिथे आधीच नेलेलं असतं. दरवर्षी ६ ते १४ जुलै या काळात सान फेर्मिनचा उत्सव असतो. पांढरे कपडे, गळ्यात लाल रुमाल, आणि जगभरातून लोटलेली गर्दी. त्या नऊ दिवसांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण ठेवलेलं नाही. उरलेल्या साडेअकरा महिन्यांत तिथे लोक कसे राहतात, काय बोलतात आणि कशावरून भांडतात, यात मला जास्त रस आहे.

नवार्राचं क्षेत्रफळ १०,३९१ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पावणेतीन पटींहून थोडं जास्त. लोकवस्ती मात्र गोव्याच्या निम्म्याहूनही कमी, साडेसहा लाखांच्या थोडी वर. एवढ्याशा मुलखात दोन हवामानं आहेत. उत्तरेला पिरेनीजचे डोंगर, बास्तानसारखी सदा हिरवी, पावसाळी खोरी, दगडी चौकटींची मोठी घरं, मेंढ्या आणि चीज. दक्षिणेला एब्रो नदीकाठचा रिबेरा. तिथे तुदेलाचे आर्टिचोक, लोदोसाच्या लाल मिरच्या आणि द्राक्षमळे. आणि त्याला लागूनच बार्देनास रेआलेस नावाचा अर्धवाळवंटी, उघडाबोडका पट्टा. उत्तरेत जानेवारीअखेरीस इतुरेन आणि सुबिएता या दोन गावांतले लोक कमरेला मोठ्या घंटा बांधून, मेंढीचं कातडं पांघरून, एका लयीत घंटा वाजवत एकमेकांच्या गावाला जातात. दक्षिणेत गळा मोकळा सोडून ‘होता’ नावाची लोकगीतं गातात. उत्तरेतल्या म्हाताऱ्याची मातृभाषा बास्क, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावाने एउस्कारा, असण्याची शक्यता दाट. दक्षिणेतल्या म्हाताऱ्याच्या पणजोबालाही ती येत नसावी. दोघेही स्वतःला तितक्याच ठामपणे नवार्राचे म्हणवतात, आणि दोघांचंही खरं आहे.

इतिहासाची सुरुवात बहुतेक जण ७७८ सालापासून करतात. फ्रँकांचा राजा शार्लमेन स्पेनची मोहीम अर्धवट टाकून परतत होता. जाताजाता त्याने पाम्प्लोनाचा तट पाडला. रोन्सेस्वायेसच्या खिंडीत बास्कांनी त्याच्या पिछाडीवर झडप घातली आणि ती कापून काढली. मारल्या गेलेल्यांत रोलाँ नावाचा सरदार होता. पुढे तीन शतकांनी फ्रेंच भाषेत त्याच्यावर महाकाव्य झालं, त्यात बास्क गायब झाले आणि त्यांच्या जागी मुसलमान फौज आली. आपला विजयसुद्धा दुसऱ्याच्या नावावर जावा, हे बास्कांच्या नशिबी तेव्हापासूनच आहे.

त्यानंतर ८२४च्या सुमारास इन्यिगो आरिस्ता पाम्प्लोनाचा राजा झाला. ११व्या शतकाच्या आरंभी थोरल्या सांचोच्या काळात हे राज्य उत्तर स्पेनमधलं सर्वांत बलाढ्य राज्य होतं. बास्क भाषकांनी उभं केलेलं आणि शतकानुशतकं टिकलेलं मोठं राज्य हेच. पण या राज्याच्या दरबारात बास्क कधी लिहिली गेली नाही. कारभार आधी लॅटिनमधून, मग स्थानिक रोमान्स बोलीतून चाले. १९६०-७०च्या दशकांतल्या देशभक्तिपर पुस्तकांत हा मुद्दा सहसा चटकन उरकलेला दिसतो. खरं तर सगळ्या पुढच्या कहाणीची मेख तिथेच आहे. ११६७च्या एका लॅटिन दस्तऐवजात बास्कचा उल्लेख ‘नवार्राच्या लोकांची भाषा’ असा येतो. लिहिणाऱ्याला त्यात काही विशेष सांगायचं नव्हतं. लोक बोलतात ती भाषा, एवढंच. लोकांची होती, राज्याची नव्हती.

राज्याची म्हणून जी गोष्ट होती ती म्हणजे फ्वेरो. फ्वेरो म्हणजे त्या त्या खोऱ्याचे, शहराचे, समाजाचे रूढ हक्क आणि कायदे. आपल्याकडचा ‘सनद’ हा शब्द जवळ जातो, पण पुरत नाही, कारण सनद राजा देतो. नवार्रात उलट होतं. १३व्या शतकातला तिथला सामान्य फ्वेरो सांगतो की राजाने आधी हे हक्क पाळण्याची शपथ घ्यायची, आणि मगच सरदारांनी त्याला ढालीवर उभं करून उचलायचं. शपथ नाही तर राजा नाही. प्रत्यक्षात राजांनी शपथा मोडल्या, सरदारांनी रयतेला पिळलं; मध्ययुगीन लोकशाही वगैरे काही नव्हती. पण राज्यकर्ता आपल्याशी करार करतो, आपण त्याला शरण जात नाही, ही समजूत त्या मातीत इतकी मुरली की आठ शतकांनंतरही तिथल्या डाव्या, उजव्या, बास्क, स्पॅनिश अशा कोणत्याही पक्षाला तिच्याविरुद्ध बोलायची हिंमत होत नाही.

मग १५१२ उजाडलं. अॅरागॉनच्या फर्डिनंडसाठी आल्बाच्या ड्यूकने सैन्य घेऊन पाम्प्लोना ताब्यात घेतलं. १५१५ साली राज्य कास्तीलला जोडलं गेलं. ही चढाई होती की जोडणी? तिथल्या कोणत्याही गावात हा प्रश्न विचारून बघा. एक बाजू सांगेल की आमचं राज्य तलवारीने बुडवलं, आणि १५२२ साली आमायुरच्या किल्ल्यात सुमारे दोनशे माणसांनी शेवटची झुंज दिली. दुसरी बाजू म्हणेल की आम्ही बरोबरीच्या नात्याने सामील झालो; आमची वेगळी संसद, वेगळे कायदे, वेगळी नाकी पुढे तीनशे वर्षं चालली. दोन्ही बाजूंकडे कागद आहेत. आमायुरला १९२२ साली स्मारक उभारलं, १९३१ साली ते सुरुंग लावून उडवलं गेलं, १९८२ साली पुन्हा बांधलं. चारशे वर्षांपूर्वीच्या पराभवाच्या खांबाला सुरुंग लावावासा वाटतो, यावरून तो पराभव किती जिवंत आहे हे कळतं.

या १५१२च्या कहाणीत आपल्याला अगदी जवळचा एक माणूस आहे. सांगुएसाजवळच्या हाविएरच्या गढीत १५०६ साली एक मुलगा जन्मला. गढीचं नाव मूळचं बास्क, अर्थ ‘नवं घर’. त्याचे वडील हुआन दे हास्सो नवार्राच्या राजाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. तो सहा वर्षांचा असताना राज्य गेलं, नवव्या वर्षी वडील गेले, आणि १५१६ साली कास्तीलच्या हुकमावरून गढीचे बुरूज पाडले गेले. थोरले भाऊ पदच्युत राजाच्या बाजूने लढत राहिले. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत समोरच्या, म्हणजे कास्तीलच्या, बाजूने लढणाऱ्या एका बास्क सरदाराचा पाय तोफगोळ्याने मोडला. तो इग्नेशियस लोयोला. पुढे पॅरिसमध्ये शिकताना हे दोघे भेटले, आणि त्यांनी काही सोबत्यांसह येशू संघाचा पाया घातला. मुलगा पुढे फ्रान्सिस झेवियर या नावाने ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तो ‘गोंयचो सायब’ आहे. अ. का. प्रियोळकरांचं लेखन वाचलेल्या मराठी माणसाला तो वेगळ्या कारणाने आठवतो: १५४६ साली गोव्यात इन्क्विझिशन आणा, अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे त्यानेच केली होती, आणि त्याच्या मृत्यूनंतर १५६० साली ते आलं. दोन्ही झेवियर खरे आहेत. तिसरा झेवियर आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये काम करतानाचा अनुभव सांगताना १५४४च्या एका पत्रात तो लिहितो की त्यांना माझं कळत नव्हतं आणि मला त्यांचं, कारण त्यांची जन्मभाषा मलबारी आणि माझी बास्क. (‘बिस्कायी’ असा तेव्हाचा शब्द त्याने वापरला आहे.) पॅरिसमध्ये शिकलेला, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये पत्रव्यवहार करणारा हा माणूस स्वतःची भाषा म्हणून एउस्काराचं नाव घेतो. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर तो वारला. देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. त्या तारखेला जुन्या गोव्यात फेस्ताची रीघ लागते. त्याच तारखेला पाम्प्लोनात नवार्रा दिन असतो, सरकारी समारंभ, पदकं, भाषणं. आणि तीच तारीख सगळ्या बास्क मुलखात एउस्कारा दिन म्हणून पाळली जाते. ज्यांना बास्कपण नको ते आणि ज्यांना तेच हवं ते, दोघेही एकाच संताच्या पुण्यतिथीला जमतात. शोधूनही यापेक्षा नेमकं प्रतीक नवार्राला सापडलं नसतं.

१९व्या शतकाचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांबलं आहे, आणि इथे मी ते थोडक्यात उरकतो. १८३३ साली सुरू झालेल्या पहिल्या कार्लिस्ट युद्धात नवार्राचा ग्रामीण भाग गादीवर दावा सांगणाऱ्या डॉन कार्लोसच्या, चर्चच्या आणि फ्वेरोंच्या बाजूने लढला आणि हरला. १८४१ साली तहासारखा एक कायदा झाला. नवार्रा राज्य राहिलं नाही, प्रांत झाला; संसद गेली, पण कर गोळा करण्याचा हक्क राहिला. १८९३ साली गामासो नावाच्या अर्थमंत्र्याने तोही काढून घ्यायचा घाट घातला तेव्हा सगळा प्रांत रस्त्यावर उतरला. मंत्र्याला माघार घ्यावी लागली. त्या लढ्याच्या आठवणीसाठी पाम्प्लोनात १९०३ साली फ्वेरोंचं स्मारक उभं राहिलं. त्याचं रीतसर उद्घाटन मात्र आजवर झालेलं नाही.

बास्क भाषेच्या पुनरुज्जीवनाची पहिली संघटित चळवळ बिल्बाओत नव्हे, पाम्प्लोनात सुरू झाली. आर्तुरो काम्पिओन आणि त्याच्या सोबत्यांनी १८७७ साली तिथे एउस्कारा संघ काढला, बास्क राष्ट्रवादी पक्ष जन्मण्याआधी अठरा वर्षं. मग नवार्रा मागे का पडला? माझ्या मते उत्तर धर्मात आणि जमिनीत आहे. बिल्बाओत लोखंड, जहाजं आणि बँका आल्या, तिथला राष्ट्रवाद शहरात वाढला. नवार्रात गाव, पाद्री आणि कार्लिस्ट आजोबा टिकून राहिले. १९३२ साली चारही जिल्ह्यांची मिळून एक स्वायत्तता असावी या मसुद्यावर मत घ्यायला नगरपालिकांचे प्रतिनिधी पाम्प्लोनात जमले. थोड्या मतांनी नवार्राने नकार दिला. चार वर्षांनी जनरल मोलाने लोकनियुक्त सरकारविरुद्धच्या बंडाचे धागे पाम्प्लोनातूनच हलवले, आणि लाल बेरेट घातलेले हजारो कार्लिस्ट स्वयंसेवक त्याच्या मागे गेले. त्या बंडातून पेटलेल्या यादवी युद्धाची आघाडी नवार्रात कधी आलीच नाही. तरीही तिथे तीन हजारांहून जास्त माणसं गोळ्या घालून मारली गेली. समाजवादी, शेतमजूर, शिक्षक, त्यांतले कितीतरी रिबेराच्या गावांतले. मारणारे पुष्कळदा त्याच गावचे. दक्षिणेतल्या गावांत आजही कोणत्या घराशी कोणतं घर बोलत नाही याची कारणं तिथवर जातात.

पुढे बंडाचं नेतृत्व हाती घेतलेल्या फ्रँकोने बिस्काया आणि गिपुस्कोआला ‘देशद्रोही’ ठरवून त्यांचे करहक्क काढून घेतले. नवार्राचे राखले, वर शौर्यपदक दिलं, जे १९८१पर्यंत प्रांताच्या चिन्हावर मिरवत होतं. शेजाऱ्यांमधला आजचा दुरावा समजायचा असेल तर हे पदक लक्षात ठेवावं लागतं.

१९७८च्या स्पॅनिश राज्यघटनेत या प्रश्नासाठी एक दार किलकिलं ठेवलेलं आहे. चौथ्या संक्रमणकालीन तरतुदीप्रमाणे नवार्राला हवं तेव्हा, आपल्या प्रतिनिधीसभेच्या ठरावाने आणि मग सार्वमताने, बास्क प्रांतात सामील होता येतं. या एका परिच्छेदावर रागावून १९७९ साली नवार्रा जनसंघ हा नवा पक्ष निघाला, आणि पुढे बराच काळ सत्तेत राहिला. १९८२ साली नवार्राचा स्वतःचा वेगळा कायदा झाला, ज्याला तिथले लोक नुसतं ‘सुधारणा’ म्हणतात. त्यावर सार्वमत झालं नाही. विरोधक हे आजही ऐकवतात.

आता एउस्कारा. रोंकाल खोऱ्याची स्वतःची बास्क बोली होती. तिची शेवटची भाषक फिदेला बेर्नात १९९१ साली वारली आणि बोली संपली. त्याच सुमाराला प्रांतात दहातल्या जेमतेम एका माणसाला एउस्कारा चांगली येत होती. आज सोळा वर्षांवरच्या सातांतल्या साधारण एकाला येते. म्हणजे वाढ झाली आहे, आणि ती डोंगरातल्या घरांतून नव्हे तर पाम्प्लोनाच्या शाळांतून झाली आहे. पालकांनी पदरमोड करून उभ्या केलेल्या इकास्तोला नावाच्या बास्क माध्यमाच्या शाळांचा यात मोठा वाटा. त्यांच्यासाठी दर ऑक्टोबरात ‘नफारोआ ओइनेस’ हा मेळा भरतो, लोक हजारोंनी चालतात आणि पैसे जमतात. पण १९८६च्या भाषा कायद्याने प्रांताचे तीन पट्टे पाडले: बास्क भाषक, मिश्र आणि बास्केतर. पहिल्या पट्ट्यात एउस्कारा ही स्पॅनिशच्या बरोबरीची अधिकृत भाषा. तिसऱ्यात नाही. तुदेलातल्या मुलाला सरकारी शाळेत बास्क माध्यम मिळण्याची वाट कायद्याने २०१५ साली मोकळी झाली. भाषेचा हक्क माणसाला असतो की जमिनीच्या तुकड्याला, हा वाद नवार्रात कोर्टात, ग्रामसभेत आणि जेवणाच्या टेबलावर चालू असतो. मला स्वतःला हे पट्टे अन्यायाचे वाटतात. पण सक्तीच्या बास्कमुळे सरकारी नोकरी हातची जाईल अशी दक्षिणेतल्या माणसाची भीती निव्वळ द्वेष म्हणून उडवून लावणंही मला पटत नाही.

हिंसेबद्दल दोन शब्द. बास्क स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललेल्या एता संघटनेने नवार्रातही माणसं मारली. १९९८ साली पाम्प्लोनाचे नगरसेवक तोमास काबायेरो त्यांत गेले. पोलिसांच्या ताब्यातून मिकेल साबाल्सासारखी माणसं १९८५ साली प्रेत होऊन परतली. एताने २०११ साली शस्त्र थांबवलं, २०१८ साली स्वतःला विसर्जित केलं. त्यानंतरच्या राजकारणात बरंच उलटंपालटं झालं आहे. २०१५ ते २०१९ उशुए बार्कोस प्रांताच्या अध्यक्ष होत्या, बास्क बाजूच्या आघाडीतल्या. २०१९पासून समाजवादी मारिया चिवीते आहेत. २०२३च्या डिसेंबरात पाम्प्लोनाचं महापौरपद समाजवाद्यांच्या मतांवर डाव्या बास्क राष्ट्रवाद्यांकडे गेलं. वीस वर्षांपूर्वी हे कुणी बोललं असतं तर वेड्यात काढलं असतं.

नवार्राबद्दल लिहिताना एक मोह होतो: सगळं सुंदर दाखवण्याचा. दर १३ जुलैला पिरेनीजच्या एका खिंडीत फ्रान्सकडच्या बारेतू खोऱ्याचे लोक रोंकालच्या लोकांना तीन गाई आणून देतात, १३७५च्या निवाड्याप्रमाणे. राज्यं गेली, देश बदलले, गाई चुकल्या नाहीत. असे प्रसंग वाचकाला आवडतात, मलाही. पण त्याच डोंगरात, बास्तानमधल्या आरिस्कुन गावाच्या बोसाते वस्तीत, आगोते राहत. भाषा तीच, धर्म तोच, रंगरूप तेच. तरीही शतकानुशतकं त्यांना चर्चमध्ये वेगळं बसवलं, वेगळं दार, वेगळं तीर्थपात्र, लग्नं आपसातच. का, याचा पटेल असा खुलासा कोणालाच देता आलेला नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला नवार्राच्या संसदेने कायद्याने हा भेद मोडला. मनातून जायला आणखी शंभर वर्षं लागली. ज्या फ्वेरोंचा अभिमान सांगितला जातो, त्या फ्वेरोंच्या छायेतच हे घडलं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही.

नावांबद्दल एक सूचना. पाम्प्लोनाला एउस्कारात इरुन्या म्हणतात, नवार्राला नफारोआ. कोणतं नाव आधी लिहायचं यावरून तिथे माणूस कोणत्या बाजूचा हे ओळखतात. मी मराठी वाचकाच्या सोयीसाठी रुळलेलं स्पॅनिश रूप घेतलं आहे. ज्या गावांत बास्क हीच रोजची भाषा आहे तिथली नावं मात्र बास्क ठेवली आहेत. यात कुणाची बाजू घेतल्याचं वाटलं तर हरकत नाही.

प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचा. सण, जेवण आणि चेटकिणींच्या खटल्याची प्रकरणं आधी उघडाल, ते स्वाभाविक आहे. पण सहावं प्रकरण, माद्रिदशी असलेल्या आर्थिक कराराचं, रुक्ष म्हणून सोडू नका. बहुतेक स्पेनमध्ये मुख्य कर केंद्र गोळा करतं आणि मग वाटतं. नवार्रात कर नवार्राचं सरकार गोळा करतं, आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार यांसारख्या केंद्राच्या कामांपोटी ठरलेला वाटा माद्रिदला पाठवतं. रिबेराचा माणूस आणि बास्तानचा माणूस भाषेवर, झेंड्यावर, १५१२वर भांडतील. या करारावर ते भांडत नाहीत.